कारखाना नावाची शाळा
(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

श्रावण लागला की नवी मुंबईत वाशी, नेरूळपासून थेट पनवेलपर्यंत रस्त्याच्या कडेला ताडपत्रीचे मांडव उभे राहतात आणि त्यांवर पाट्या लागतात, ‘पेणचे गणपती’. हापूसला जसं देवगड, पेढ्याला जसं सातारा, तसं गणपतीला पेण. मूर्ती घेणारा किंमत विचारतो, उंची विचारतो, अलीकडे शाडूची की प्लास्टरची तेही विचारतो. कुणी घडवली, हे मात्र विचारत नाही. विचारलं तरी विक्रेता एखाद्या कारखान्याचं नाव सांगेल, माणसाचं नाही. त्या मूर्तीला पंधरा-वीस हात लागलेले असतात. त्यातला एक हात बारा वर्षांच्या पोराचाही असू शकेल, असा काळ फार जुना नाही.

आज मला बोलायचं आहे ते या हातांबद्दल. ते शिकले कुठे आणि कसे?

आधी दोन शब्दांकडे बघू. पेणला मूर्ती जिथे घडतात त्या जागेला म्हणतात कारखाना. हा शब्द कापडगिरण्यांबरोबर आलेला नाही. शिवकाळात राज्याचे अठरा कारखाने होते. जिथे काम होतं आणि कामाची वस्तू ठेवली जाते, ती जागा म्हणजे कारखाना. तळकोकणात मात्र त्याच जागेला म्हणतात गणपतीची शाळा, किंवा चित्रशाळा. घरचा पाट शाळेत नेऊन द्यायचा आणि चतुर्थीला त्यावरून गणपती घरी आणायचा. एकाच प्रकारच्या जागेला रायगडात कारखाना आणि सिंधुदुर्गात शाळा! मी नवी मुंबईतल्या एका शाळेत अनेक वर्षं चित्रकला शिकवली, त्यामुळे हा शब्दांचा फरक माझ्या मनात कायम घोळत राहिला. माझ्या शाळेत शिकवणं होतं, काम नव्हतं. कारखान्यात काम होतं. मग शिकवणं कुठे होतं?

पनवेलहून रोह्याकडे जाणाऱ्या गाडीत बसलात तर आपटा, जिते ही स्टेशनं गेली की हमरापूर येतं. हमरापूर, जोहे, कळवे या गावांत जवळजवळ घरटी मूर्तिकाम चालतं. गणपती विसर्जन होऊन दिवाळी सरली की पुढच्या वर्षाची सुरुवात होते. म्हणजे हा धंदा दहा-दिवसांचा नाही, दहा महिन्यांचा आहे. शाडूची माती येते गुजरातेतून, भावनगरच्या बाजूनं. ती भिजवायची, खडे काढायचे आणि मळायची. मळणं हे पहिलं काम आणि पूर्वी ते नव्या पोराचं काम. त्यात शिकण्यासारखं काय, असं आपल्याला वाटेल. पण माती ओली राहिली तर साच्याला चिकटते, कोरडी राहिली तर वाळताना तडकते. या दोहोंच्या मधली माती कशी असते, ते कुणाला शब्दांत सांगता येत नाही. कणीक मळणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा, तीही सांगू शकणार नाही. ‘हाताला कळतं’ एवढंच म्हणेल.

मग साच्यात माती दाबून भरणं. मग साचा उघडून भाग जोडणं, सांधे बुजवणं. सोंड, हात, कान हे नाजूक भाग. त्यानंतर ओल्या ब्रशानं अंग गुळगुळीत करणं. वाळवण. मग पांढरा हात, मग अंगाचा रंग, पितांबर, शेला, मग दागिन्यांची सोनेरी. आणि सगळ्यात शेवटी डोळे. डोळे रंगवायला आखणी म्हणतात. आखणी होईपर्यंत मूर्ती म्हणजे माती असते. दोन बारीक रेषा आणि एक ठिपका पडला की समोरचं काही आपल्याकडे बघायला लागतं. हात थरथरला तर दहा दिवसांची मेहनत वाया. म्हणून आखणी करणारा कारागीर निराळा, त्याचा मान निराळा आणि मजुरीही निराळी.

आता हा क्रम नीट बघा. हा कामाचा क्रम आहे आणि हाच शिकण्याचाही क्रम आहे. मातीपासून डोळ्यांपर्यंत मूर्ती जशी जाते, तसंच पोरगंही वर्षानुवर्षं मातीपासून डोळ्यांकडे सरकतं. अभ्यासक्रम कुणी बसवलेला नाही, तो मूर्तीनंच बसवला आहे. एका वर्षी तो माती मळेल, पुढे सांधे बुजवील, मग केव्हातरी मालक म्हणेल, ‘उंदीर रंगव.’ उंदीर बिघडला तर नुकसान थोडं. किती चूक परवडेल यावर पोराला काय द्यायचं ते ठरतं. आम्ही वर्गात पहिल्याच तासाला मुलांना ‘माणसाचं चित्र काढा’ म्हणत असू. कारखान्यात असं कुणी म्हणणार नाही, कारण तिथे कागद फाडून दुसरा घेता येत नाही.

अशा शिकण्याला मराठीत एक फार चांगला शब्द होता, उमेदवारी. आता उमेदवार म्हटलं की आपल्याला निवडणूक आठवते. पण जुन्या लोकांच्या तोंडी ‘अमक्याच्या हाताखाली दोन वर्षं उमेदवारी केली’ हे सहज असायचं. पगार नाही, किंवा नावापुरता. मिळते ती उमेद. एक दिवस आपल्याला ते काम देतील, ही उमेद.

युरोपातही असंच होतं, फक्त तिथे कागदोपत्री होतं. इटलीतला चेन्निनो चेन्निनी नावाचा चित्रकार चित्रकलेच्या कामावर पुस्तक लिहून गेला, साधारण १४०० च्या आसपास. त्यानं हिशेबच मांडला आहे. एक वर्ष लहान पाटीवर रेखाटनाचा सराव, पुढे सहा वर्षं गुरूच्या दुकानात रंग वाटणं, सरस उकळणं, लाकडावर अस्तर चढवणं, आणि त्यानंतर सहा वर्षं प्रत्यक्ष रंगकाम. म्हणजे तेरा वर्षं. मायकेलएंजेलोला वडिलांनी १४८८ मध्ये गिर्लांडायोकडे तीन वर्षांच्या करारानं ठेवलं, तेव्हा पोराला पहिल्या वर्षी सहा, दुसऱ्या वर्षी आठ आणि तिसऱ्या वर्षी दहा फ्लोरिन द्यायचे ठरले होते. मायकेलएंजेलो तेव्हा तेरा वर्षांचा. पैसे शिकणाऱ्यानं द्यायचे नव्हते, शिकवणाऱ्यानं द्यायचे होते! आपल्याकडे असा कागद बहुधा नसे. मामानं भाच्याला, शेजाऱ्यानं शेजाऱ्याच्या पोराला नेऊन सोडायचं, ‘याला काहीतरी शिकवा’ एवढ्यावर भागायचं. त्यामुळे गुरू चांगला निघाला तर सोनं. नाही निघाला तर पोराच्या हाती वर्षानुवर्षं पाण्याची बादली.

आणि गुरू लपवतही असत. राजा रविवर्म्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. त्रावणकोरच्या दरबारातल्या रामस्वामी नायडू या चित्रकारानं त्याला तैलरंग शिकवायला नकार दिला. पुढे थिओडोर जेन्सन नावाचा युरोपी चित्रकार दरबारात आला, त्यानंही शिकवलं नाही, पण काम करताना शेजारी उभं राहून बघू दिलं. रविवर्मा त्या बघण्यावर शिकला. कारखान्यातल्या शिक्षणाचा बराच भाग असा चोरून बघण्याचाच असतो. ज्याला बघता आलं तो पुढे गेला.

हे लपवणं, ही गुपितं, हा नशिबाचा खेळ, यावर उतारा म्हणून सरकारी कलाशाळा निघाल्या असं म्हटलं तर ते अर्धंच खरं होईल. मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ मध्ये सुरू झालं ते सर जमशेटजी जीजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून. हेतू असा की इथल्या कारागिरांचा हात सुधारावा, त्यांना रेखाटन शिकवावं. पण शाळेला फी असते, वेळापत्रक असतं आणि त्या वेळात पोराची मजुरी बुडते. त्यामुळे जे. जे.मध्ये चित्रकार घडले, शिल्पकार घडले, ड्रॉइंग मास्तर तर खूपच घडले, पण पेणचा कारखाना आपल्या जागी राहिला आणि मुंबईची शाळा आपल्या जागी.

दोन्ही जागा ज्यानं पाहिल्या असा एक माणूस मात्र आपल्या शेजारचाच आहे. अलिबागजवळच्या सासवणे गावचे विनायक पांडुरंग करमरकर, जन्म १८९१. घरात गणपती घडवण्याचं काम. त्यामुळे माती हाताला लहानपणापासूनची. कुलाब्याचा कलेक्टर ऑटो रॉथफिल्ड याला या मुलाच्या हातातली जादू दिसली आणि त्याच्या मदतीनं करमरकर जे. जे.मध्ये पोचले. पुढे कोलकाता, मग १९२० मध्ये लंडनची रॉयल अकादमी. पुण्यातला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा, जून १९२८ मध्ये अनावरण झालेला, तो त्यांचाच. मूळ नमुना एका माणसाचा, पण ब्राँझचं ओतकाम मुंबईला माझगाव डॉकमध्ये झालं. एवढा घोडा आणि स्वार ओतायचा म्हणजे भट्टीवाल्यांची, साचेवाल्यांची केवढी फौज लागली असेल. शिल्पाखाली नाव करमरकरांचं, आणि ते रास्तच आहे. पण ओतकाम करणारे हातही शिकलेले होते आणि त्यांची शाळा डॉकमधलीच होती.

सासवण्याला त्यांच्या राहत्या घरात आज त्यांच्या शिल्पांचं संग्रहालय आहे. नवी मुंबईहून सकाळी निघालात तर संध्याकाळी परत येता येतं. अंगणात, पडवीत, माडीवर शिल्पंच शिल्पं. लंडनला शिकून आलेला हा माणूस गावी सिमेंटमध्ये कोळणी, शेतकरी घडवत बसला. त्या चेहऱ्यांची कातडी इतकी जिवंत, की मला तिथे रॉयल अकादमी कमी आणि घरची ओली माती जास्त दिसते. तज्ज्ञांना हे पटेल न पटेल.

पण करमरकर कारखान्यातून शाळेत गेले. माझ्या आजच्या विषयाचा खरा नायक उलट्या वाटेनं गेलेला आहे. शाळा टाळून एका कारखान्यातून दुसऱ्या कारखान्यात. आणि गंमत म्हणजे तो पेणचाच. विष्णुपंत गोविंद दामले, जन्म १८९२, पेण. ‘संत तुकाराम’ चित्रपटाच्या श्रेयनामावलीत ‘दामले-फत्तेलाल’ वाचलेलं असतं ना, त्यातले दामले. चित्रकलेच्या ओढीनं हा पेणचा तरुण कोल्हापूरला गेला आणि आनंदराव व बाबूराव पेंटर यांच्या हाताखाली उमेदवारीला राहिला.

या पेंटरांचं खरं आडनाव मेस्त्री. आनंदराव आणि बाबूराव हे आते-मामे-चुलत काय ते भाऊ, पण वाढले सख्ख्यासारखे. बाबूरावांचे वडील कृष्णराव सुतारकाम, लोहारकाम, मूर्तिकाम, हस्तिदंतावरचं कोरीवकाम, सगळं करणारे. बाबूराव १८९० चे. दोघेही कुठल्याही आर्ट स्कूलमध्ये गेले नाहीत. साधारण १९१० ते १९१६ या काळात नाटक कंपन्यांचे पडदे रंगवणारे म्हणून त्यांचं नाव सगळीकडे झालं. केशवराव भोसले यांची ललितकलादर्श, गंधर्व नाटक मंडळी, अशा मोठ्या कंपन्या. लोक पडद्यालाच टाळ्या देत.

नाटकाचा पडदा रंगवणं म्हणजे काय, याची आज आपल्याला कल्पना येणार नाही. पंचवीस-तीस फुटांचं कापड. ते ताणायचं, सरसाचा हात द्यायचा. कागदावरच्या छोट्या चित्रावर चौकोन आखायचे, तेच चौकोन कापडावर मोठे करून आखायचे आणि चौकोनागणिक चित्र वाढवत न्यायचं. राजवाड्याचे खांब मागे मागे लहान होत गेले पाहिजेत आणि शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही ते खरे वाटले पाहिजेत. हे एकट्याचं काम नाही. कुणी सरस उकळणार, कुणी रंग कालवणार, कुणी खांब भरणार, कुणी झाडाची पानं. गुरू लांब उभा राहून बघणार, कारण पडदा जवळून दिसतच नाही. मला वाटतं, बाबूरावांच्या हाताखालच्या मंडळींना पुढे सिनेमात जे साधलं त्याचं मूळ या लांब उभं राहून बघण्यात आहे. हात चौकोनात आणि डोळा शेवटच्या रांगेत, ही सवय तिथली.

दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ मध्ये आला आणि या पडदेवाल्यांना चलच्चित्राचं वेड लागलं. कॅमेरा विकत घेण्याची ऐपत नव्हती. म्हणून त्यांनी कॅमेरा स्वतःच बनवायला घेतला. मिस्त्री घराण्यातल्या माणसांना हे अशक्य वाटलं नाही, यातच सगळं आलं. काम चालू असतानाच १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी दामल्यांना हाताशी धरून ते पुढे नेलं आणि १९१८ च्या सुमारास कोल्हापुरात बनलेला कॅमेरा चालू झाला. म्हणजे पडदा रंगवायला शिकायला आलेला पेणचा मुलगा गुरूबरोबर यंत्र जुळवत बसला होता. हे कुठल्या अभ्यासक्रमात बसलं असतं? चित्रकलेच्या विद्यार्थ्याला दातेरी चक्र कशाला, असं शाळेनं विचारलं असतं. कारखान्यात तसा प्रश्न येत नाही. काम समोर आहे, ते करायला आणखी दोन हात हवेत, एवढंच.

याच सुमारास महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. भांडवल दिलं गायिका तानीबाई कागलकर यांनी. शाहू महाराजांचा आश्रय होता. पहिला चित्रपट ‘सैरंध्री’ फेब्रुवारी १९२० मध्ये पुण्याच्या आर्यन थिएटरात लागला. कीचकवधाचं दृश्य लोकांना इतकं खरं वाटलं की ते पुढे कापावं लागलं. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हटलं. स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या, गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोघींनी, आणि त्याची किंमत समाजात त्यांना मोजावी लागली.

त्याच वर्षी आपले मावसभाऊ बाबूराव पेंढारकर यांच्या ओळखीनं एक एकोणीस वर्षांचा मुलगा कंपनीत दाखल झाला. शांताराम वणकुद्रे. आपले व्ही. शांताराम. त्यांना कुणी दिग्दर्शन शिकवलं नाही. पडेल ते काम. सामान उचल, झाडलोट कर, रंग दे, देखावा उभारायला हात लाव. मग १९२१ मध्ये ‘सुरेखाहरण’मध्ये छोटी भूमिका. मग १९२५ मध्ये ‘सावकारी पाश’मधला तरुण शेतकरी. आणि १९२७ मध्ये ‘नेताजी पालकर’चं दिग्दर्शन. माती मळण्यापासून आखणीपर्यंत सात वर्षं लागली म्हणायची!

या सात वर्षांत तिथे काय काय बघायला मिळालं असेल बघा. बाबूराव प्रत्येक प्रसंगाची आधी रेखाटनं करत. वेशभूषा, पात्रांच्या जागा, हालचाली, सगळं कागदावर. रंगवलेल्या पडद्याऐवजी त्यांनी घन बांधकामाचे देखावे उभे केले, म्हणजे ज्या कामानं नाव मिळवलं तेच काम मोडीत काढलं. १९२३ च्या ‘सिंहगड’मध्ये रात्रीच्या प्रसंगासाठी कृत्रिम प्रकाश वापरला. चित्रपटाची भित्तिपत्रकं स्वतः रंगवली. १९२४ च्या ‘कल्याण खजिना’ला लंडनजवळच्या वेम्बले प्रदर्शनात पदक मिळालं. हे सगळं एका आवारात, आणि तेही असं की झाडू मारणाऱ्या पोरालाही दिसावं. दार बंद नव्हतं. रामस्वामी नायडूंचा दरबार आणि बाबूरावांचं आवार यांत हा फरक.

इथे फत्तेलाल यांच्याबद्दल बोललंच पाहिजे. शेख फत्तेलाल, कागलचे, १८८६ चे, म्हणजे बाबूरावांहूनही वयानं मोठे. सगळे त्यांना साहेबमामा म्हणत. दामले चित्पावन, फत्तेलाल मुसलमान, गुरू सुतार, धनको कलावंतीण. कोल्हापुरात हे सहज जमलं असं मी म्हणणार नाही, पण जमलं खरं. सरस उकळायला बसल्यावर जातीला फार वेळ मिळत नसावा. दामले आणि साहेबमामा यांची जोडी अशी झाली की पुढे त्यांची नावंही सुटी उच्चारता येईनाशी झाली. शाळेतली मैत्री आपण बाकावरची मैत्री म्हणतो. ही कामावरची मैत्री, तिची वीण जरा जास्त घट्ट असावी.

मग बिघडलं कुठे? कारण बिघडलं. १ जून १९२९ रोजी दामले, फत्तेलाल, शांताराम आणि केशवराव धायबर या चौघांनी सीतारामपंत कुलकर्णी यांच्या भांडवलावर कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढली. एका कारखान्याचे चार खांब एकदम निघून गेले. बाबूरावही फार काळ तिथे राहिले नाहीत आणि दोन-तीन वर्षांत महाराष्ट्र फिल्म कंपनी बंद पडली.

यात चूक कुणाची, यावर कोल्हापुरात अजूनही दोन मतं ऐकू येतात. माझं मत विचाराल तर ही चूक माणसांची कमी, कारखाना या पद्धतीची जास्त आहे. कारखान्यात उमेदवाराला सगळं शिकता येतं, पण त्याला पुढे सरकायला वर जागा एकच असते आणि तिथे गुरू बसलेला असतो. शाळेत मुलगा पास होतो, शाळा सोडल्याचा दाखला मिळतो, मास्तर आणि मुलगा दोघंही खुश. कारखान्यात दाखला नाही. तिथे शिक्षण पूर्ण झाल्याची खूण म्हणजे शिष्य भांडून निघून जाणं. चाळिशीच्या जवळ आलेले दामले, त्रेचाळिशीचे साहेबमामा, यांनी आणखी किती वर्षं दुसऱ्याच्या नावाखाली काम करायचं होतं?

प्रभातनं पुढे काय केलं ते मी सांगायला नको. १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट, १९३३ मध्ये पुण्याला स्थलांतर, १९३६ मध्ये ‘संत तुकाराम’. दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल. मुंबईत एकाच चित्रपटगृहात तो वर्षाहून जास्त चालला आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याची वाखाणणी झाली. ‘तुकाराम’ पुन्हा कधी बघाल तेव्हा देहूची ती घरं, ओसऱ्या, इंद्रायणीचा काठ नीट बघा. कुठेही शोभा आणलेली नाही. पडदे रंगवून रंगवून ज्यांना खोटं कसं दिसतं ते ठाऊक झालं होतं, त्यांनी बांधलेलं ते गाव आहे. दामले प्रभातमध्ये ध्वनिमुद्रणही सांभाळत. कॅमेरा जुळवणाऱ्या हाताला ध्वनीचं यंत्र नवं असलं तरी परकं नव्हतं.

आणि प्रभातही कारखानाच होता. तिथेही माणसं महिन्याच्या पगारावर नेमलेली, सगळं एका आवारात. गुरुदत्त १९४४ मध्ये तीन वर्षांच्या करारावर तिथेच लागला होता, नृत्यदिग्दर्शक म्हणून. मायकेलएंजेलोच्या कराराइतकाच काळ! प्रभातमधूनही खांब निघून गेले. शांताराम १९४२ मध्ये बाहेर पडले आणि त्यांनी मुंबईत राजकमल काढलं. १९४७ मध्ये राजकमलनं ‘लोकशाहीर रामजोशी’ काढला तेव्हा दिग्दर्शनाला बोलावलं बाबूराव पेंटरांना. सत्तावन्न वर्षांचे गुरू शिष्याच्या कारखान्यात कामाला आले. तो चित्रपट दोघांच्या नावे आहे. त्या सेटवर कुणी कुणाला काय म्हटलं असेल, याचा विचार माझ्या मनात अनेकदा येतो. १९५४ मध्ये बाबूराव गेले.

प्रभात बंद पडल्यावर पुण्यातल्या त्या जागेवर १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. कारखान्याच्या आवारात शाळा भरू लागली. प्रवेश परीक्षा, वेळापत्रक, पदविका. जे शिकायला पूर्वी झाडू हातात घ्यावा लागे ते आता अर्ज भरून शिकता येतं, आणि ही मोठीच गोष्ट झाली. कारण कारखान्याचं दार उघडं असलं तरी ते कुणासाठी उघडं होतं? बाबूरावांच्या कंपनीत स्त्रिया पडद्यावर होत्या. कॅमेऱ्यामागे, रंगाच्या डब्यापाशी, लेथवर कुणी मुलगी उमेदवारी करत असल्याचं माझ्या वाचनात आलेलं नाही. आमच्या पिढीच्या मुलींना चित्रकला शिकायला मिळाली ती शाळा होत्या म्हणून, कारखाने होते म्हणून नव्हे. कारखान्याचे गोडवे गाताना मला हे विसरता येत नाही.

गंमत अशी की पेणच्या बाजूला आज चित्र बदललेलं दिसतं. हमरापूर-जोह्याकडच्या कारखान्यांत सांधे बुजवायला, घासायला, रंगाला, दागिन्यांचे खडे लावायला बायका मोठ्या संख्येनं बसलेल्या असतात. शेतीची कामं सरली की हे काम. रबराचे साचे आले, प्लास्टर आलं आणि काम भराभर होऊ लागलं. प्लास्टर साच्यातून जवळपास तयार होऊनच बाहेर येतं. माती मळायची नाही, सांध्यांशी झगडायचं नाही. कामाचा क्रम आखडला तसा शिकण्याचाही आखडला. नवा मुलगा थेट स्प्रेगन हातात घेतो.

मग केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची मे २०२० ची मार्गदर्शक तत्त्वं आली, प्लास्टरच्या मूर्तींना मज्जाव करणारी. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं अंमलबजावणीवर बोट ठेवलं. जून २०२५ मध्ये मूर्ती घडवायला आणि विकायला वाट मोकळी झाली, विसर्जनावरची बंधनं राहिली. पेण परिसरात या सगळ्या काळात हवालदिल झालेली माणसं होती, कर्जं काढून माल भरलेला होता. पर्यावरणाची बाजू मला पटते. पण ‘शाडूकडे वळा’ हे सांगणं सोपं आहे. शाडूच्या मूर्तीला मळलेली माती लागते आणि मळणारा हात लागतो. तो हात आदेशानं तयार होत नाही, त्याला वर्षं लागतात, आणि मधल्या काळात ती वर्षं कुणी भरलेलीच नाहीत. मग साठीतल्या, सत्तरीतल्या कारागिराला हाक मारायची. ज्याला प्लास्टरच्या दिवसांत कुणी विचारत नव्हतं, त्याच्यासमोर तिशीतली माणसं मातीचा गोळा घेऊन बसणार आणि विचारणार, ‘एवढी ओली चालेल का?’ तो गोळा हातात घेऊन दाबून बघणार, बोलणार काहीच नाही, पाण्याचा हात लावून परत देणार.

आखणी मात्र शाडू असो वा प्लास्टर, अजून हातानंच होते. साच्यातून डोळे येत नाहीत. हंगामाच्या शेवटच्या पंधरवड्यात आखणी करणारा एका कारखान्यातून दुसऱ्या कारखान्यात जात असतो, मूर्तीमागे मजुरी ठरवून. रात्री दिव्याखाली तो बसतो, शेजारी रंगाची वाटी धरायला एक जण लागतो. तो वाटी धरणारा बघत असतो.